मुलाखतीची तयारी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : चार दिवसांनी मुलाखत आहे. मागच्या वेळी पन्नास प्रश्नोत्तरं पाठ केली होती, तरी 'स्वतःबद्दल सांगा' म्हटल्यावर मधेच अडकले. कुठं चुकतंय?

उत्तर : पाठांतरात. पाठ केलेल्या उत्तरातला एक शब्द निसटला की पुढचं सगळं अडतं. प्रश्न जरा फिरवून आला तर माणूस जवळपासचं पाठ उत्तर ठोकून देतो, आणि ते समोरच्याला लगेच कळतं. ती पन्नास उत्तरं ठेवून द्या आणि जाहिरात घ्या. त्यात 'हिशेब जुळवणे', 'तक्रारी हाताळणे' अशी जी कामं लिहिली असतील, त्यांखाली रेघ मारा. प्रत्येकापुढे तुम्ही स्वतः केलेल्या कामाचा एक प्रसंग लिहा. एकच प्रसंग दोन-तीन ठिकाणी चालतो, त्यामुळे पाच-सहा प्रसंग पुरतात.

प्रसंग सांगताना अडचण काय होती, तुमच्यावर काय जबाबदारी होती, तुम्ही काय केलंत आणि शेवटी काय झालं, असा क्रम ठेवा. निम्म्याहून जास्त वेळ 'काय केलंत' याला द्या. बहुतेकांचा वेळ पार्श्वभूमीतच संपतो. दुसरी खोड 'आम्ही'ची. 'आम्ही स्टॉकचा घोळ निस्तरला' यातून तुमचा वाटा कळत नाही. त्याऐवजी असं सांगा : 'नोंदवही आणि गोदामातला माल जुळत नव्हता. मी तीन महिन्यांची बिलं तारखेनं लावली, तेव्हा परत आलेला माल दोनदा चढवला जातोय असं दिसलं. परतीच्या मालाची वही वेगळी केली. पुढच्या महिन्यात फरक ४२ नगांवरून ३ वर आला.' आकडा मात्र खराच हवा, कारण पुढचा प्रश्न त्यावरच येतो.

आता 'स्वतःबद्दल'. सध्या काय करता, त्याआधी काय केलंत, ही जागा का हवी, एवढंच. दीड मिनिटाच्या वर जाऊ नका. जन्मगाव, घरची माणसं, छंद हे विचारल्याशिवाय सांगू नका. पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं पक्कं करा, मधल्यासाठी तीन शब्द लक्षात ठेवा. मग मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. स्वतःचा आवाज ऐकणं नकोसं वाटतं, पण 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' किती वेळा येतं ते तेव्हाच कळतं. मनातल्या मनात केलेली तयारी तोंडातून येईलच असं नाही.

प्रश्न : आईच्या आजारपणात दोन वर्षं नोकरी सोडली होती. बायोडेटात वर्षं थोडी पुढे-मागे केली तर?

उत्तर : नको. जुन्या नोकरीच्या तारखा पडताळल्या जातात, आणि तारीख खोटी निघाली तर हातात आलेली नोकरीही जाऊ शकते. दोन वाक्यांत सांगा : घरच्या आजारपणासाठी थांबलो होतो, आता ती जबाबदारी नाही. लगेच त्या काळात किंवा त्यानंतर काय शिकलात त्याकडे वळा. कैफियत मांडत बसलात तर प्रश्न वाढतात.

प्रश्न : मुलाखत व्हिडिओवर आहे. वेगळं काय करायचं?

उत्तर : खिडकी पाठीशी नको, समोर हवी. ती मागे असली तर कॅमेरा उजेड धरतो आणि चेहरा काळा दिसतो. लॅपटॉपखाली चार पुस्तकं घालून कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणा. माइकवाला हेडफोन लावा, स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरून घुमतो. ॲप आदल्या दिवशी उघडून पाहा, ऐन वेळी अपडेट मागितलं तर दहा मिनिटं जातात. मोबाइलचं हॉटस्पॉट तयार ठेवा. प्रसंगांचे शब्द कागदावर लिहून पडद्याशेजारी चिकटवता येतात, पण अख्खी वाक्यं नकोत. वाचताना डोळे हलतात, ते पलीकडे दिसतं.

प्रश्न : 'पगार किती हवा?' याला काय सांगावं?

उत्तर : नुसतं 'निगोशिएबल' म्हणू नका. या कामाला बाहेर काय मिळतं ते आधी काढा आणि दोन आकड्यांमधला पट्टा सांगा. खालचा आकडा असा हवा, की तेवढ्यावर तुम्ही खरोखर रुजू व्हाल. बहुधा बोलणी तिथूनच सुरू होतात.