गावातल्या तरुणांसाठी नागरिकशास्त्राचे वर्ग सुरू केले, पण मुलं टिकत नाहीत. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की संविधानावर दोन व्याख्यानं ठेवली, पहिल्याला 40 मुलं आली आणि दुसऱ्याला 6. आमच्याकडे गुहागर तालुक्यात पहिल्या वर्षी अगदी हेच झालं होतं. सात वर्षं मी वाडीतल्या मुलांबरोबर हे काम करतोय. माझं ऐकाल तर व्याख्यानं थांबवा आणि गावाचा एखादा अडलेला प्रश्न मुलांच्या हातात द्या.

आमचा प्रश्न साकवाचा, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलाचा होता. पऱ्यावरचा साकव मोडलेला, पावसाळ्यात शाळेची पोरं लांबचा वळसा घालून जायची. मोठी माणसं म्हणायची, "मुंबई मंडळाला कळवलंय, गणपतीत बघू." मुंबई मंडळ म्हणजे मुंबईला राहणाऱ्या गावकऱ्यांची संस्था. मंडळाने गावासाठी पुष्कळ केलंय, ते मी विसरत नाही. पण सगळं मंडळावर सोडल्यामुळे गावातच राहणाऱ्या विशीतल्या पोरांना कोणी काही विचारत नाही, हे मला फार लागतं. शिवाय ग्रामसभेचा सभासद तोच, ज्याचं नाव गावच्या मतदारयादीत आहे. तेव्हा आधी नमुना 6, म्हणजे मतदार नोंदणीचा अर्ज, भरून घ्या. 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर या चार तारखा वयासाठी धरतात, त्यामुळे अठरा पूर्ण झालेल्याला वर्षभर थांबावं लागत नाही. सतरा झाल्यावर अर्ज आधीच देऊन ठेवता येतो.

मग ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर आपल्या ग्रामपंचायतीचा विकास आराखडा काढला आणि शाळेच्या पडवीत बसून ओळ न् ओळ वाचला. तेव्हा पंधराव्या वित्त आयोगाचा 60 टक्के निधी बंधित होता, म्हणजे फक्त पाणी आणि स्वच्छतेसाठी, आणि 40 टक्के अबंधित. हे मी फळ्यावर शिकवलं असतं तर जांभया आल्या असत्या. साकव कुठल्या पैशातून होईल ते शोधताना बारावीच्या एका मुलीनेच ते हुडकून काढलं.

विषय लेखी दिला, पोच घेतली. 15 ऑगस्टची ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली जी संख्या कमी, तेवढी माणसं लागतात. तेवढीही आली नव्हती. मुलं हिरमुसली. पण तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट नसते, हे त्यांनीच वाचून काढलं आणि त्या दिवशी सगळी हजर राहिली. ती मुलगी उभी राहिली. घामाने ओला झालेला कागद तिने दोन्ही हातांनी धरला होता. पुढून उत्तर आलं, "बघू या." ती म्हणाली, "बघू नको, इतिवृत्तात लिहा. सूचक म्हणून माझं नाव घाला." सभा गप्प. मग मागून एक काकी उठल्या, "अनुमोदन माझं लिहा."

ठराव झाला तरी साकव लगेच झाला नाही, दोन पावसाळे गेले. मध्ये 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीचा अधिकार वापरावा लागला. 30 दिवसांत उत्तर द्यावंच लागतं, ते आलं आणि काम कुठे अडलंय ते कळलं. त्या एका अर्जातून मुलं जे शिकली ते माझ्या दहा तासांत शिकली नसती.

पुढच्या वर्षीच्या आराखड्याची मोहीम 2 ऑक्टोबरपासून सुरू होते, तेव्हा भातकापणीच्या आधीच मुलांना बसवा. आणि वेळ मुलींना विचारून ठरवा. आम्ही संध्याकाळी 7 ठेवली होती तेव्हा एकही मुलगी येत नव्हती. रविवारी दुपारी 3 केली आणि 11 आल्या. महिलांची वेगळी सभा मुख्य ग्रामसभेच्या आधी होते, तिथे त्यांना घेऊन जा. आमच्या मुलीने साकवाचा विषय पहिल्यांदा तिथेच मांडला होता, आणि त्या काकी तेव्हा तिच्या शेजारी बसल्या होत्या.