‘व्हीयूएस’ आला म्हणून गोळी बंद करू नका

ताई, पंचगंगेवर पोहताना मुलगी बेशुद्ध झाली, ईसीजीत क्यूटी (दर ठोक्याला हृदय विजेनं पेटून पुन्हा सावरायला लागणारा वेळ) लांब निघाला, आणि आता जनुक चाचणीत केसीएनक्यू1 या जनुकात ‘व्हीयूएस’ (अर्थ अजून न ठरलेला बदल) आलाय तर गोळी थांबवायची का, असं विचारलंय तुम्ही. माझ्या धाकट्या भावाचा रिपोर्ट अगदी असाच होता. मी डॉक्टर नाही, घरात हे लाँग क्यूटीचं दुखणं आहे म्हणून सांगतोय.

तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांनी सांगेपर्यंत गोळी सोडायची नाही. आमच्याकडं रक्त घेणाऱ्या सेंटरच्या काउंटरवरच्या माणसानं त्या तीन अक्षरांवर पेनानं गोल काढला आणि म्हणाला, “पॉझिटिव्ह न्हाई, म्हंजे निगेटिव्हच की!” घरातले सगळे खूश. भावानं प्रोप्रानोलॉल (ठोके आवरणारी गोळी) सोडली आणि थोड्याच दिवसांत तालमीत दोर चढताना कोसळला. आपोआप शुद्धीवर आला, नशीब. सेंटरला जाब विचारला तर उत्तर काय, “रिपोर्टचा अर्थ सांगणं आमच्याकडं येत नाही.” मग गोल कशाला काढलास रे बाबा?

व्हीयूएस ही पाच पायऱ्यांतली मधली पायरी. हा बदल दोषी की निरुपद्रवी, हे ठरवायला पुरावा कमी आहे, एवढंच ती सांगते. पुढं पुरावा आला तर पायरी बदलते, म्हणून दोन-तीन वर्षांनी पुन्हा विचारा. निदान उभं राहतं ते ईसीजी, बेशुद्धीची हकीकत आणि घराण्याचा इतिहास यांवर. जनुकात काहीच न सापडलेले रुग्णही असतात.

केसीएनक्यू1 मुळं हृदयाच्या पेशीत बनणारी पोटॅशियमची वाट धावताना-पोहताना जास्त उघडून हृदयाला पुढच्या ठोक्याआधी लवकर सावरते. ती कमी पडली की ठोके वाढूनही क्यूटी हवा तेवढा आखडत नाही. त्यामुळं झोपवून काढलेला ईसीजी कधी कधी साफ दिसतो. ट्रेडमिल करायची झाली तर थांबल्यानंतरच्या चौथ्या मिनिटाचा क्यूटीसी (ठोक्यांच्या वेगाचा हिशेब धरून काढलेला क्यूटी) मागून घ्या; 480 मिलिसेकंद किंवा वर असेल तर तो निदानाच्या गुणांत धरतात. (केसीएनएच2 या दुसऱ्या जनुकात दोष असलेल्यांचं वेगळं, त्यांना गजराचा दचका बाधतो.)

तुमच्या धाकट्या मुलाचा आणि तुम्हा दोघा आई-वडिलांचा ईसीजी काढाच. पण धाकट्यात हा व्हीयूएस नाही म्हणून त्याला मोकळा सोडू नका. माझं मत, पटलं तर घ्या.

अॅझिथ्रोमायसिन, ओंडानसेट्रॉन, डोमपेरिडोन ही क्यूटी लांबवणारी, टाळायची औषधं; त्यांच्या नावांची चिठ्ठी दप्तरात ठेवा, गल्लीतला डॉक्टर खोकल्याला-उलटीला सहज लिहून देतो. जुलाब लागले तर पोटॅशियम उतरतं, तेव्हा अंगावर काढू नका. आणि दमा असेल तर प्रोप्रानोलॉलआधी तो सांगायलाच हवा.

ट्रेडमिल झाली की क्यूटीसीचा आकडा इथं टाका, मुलीचं नाव खोडून.