कुणाला कोणतं पुस्तक: आठवीतल्या मुलीची वही

अहमदपूर तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलंय. त्या लिहितात: "मुलगी आठवीत आहे. अभ्यासात बरी आहे, पण सारखं गोष्टीचं पुस्तक हातात. तेवढ्यावर भागत नाही. शाळेतल्या लेकरांना धरून धरून 'तू हे वाच, तू ते वाच' म्हणून सांगते. त्याची एक वहीच केलीय. तिचे बाबा म्हणतात, दहावी झाली की लातूरला टाकू, नीटची तयारी करू, आता ही वही बंद. मला काही सुचंना. पुस्तकं सांगून कुणाचं पोट भरतं का?" सोबत वहीच्या चार पानांचे फोटो आहेत.

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र एकदा वाचलं, वहीची पानं तीनदा. म्हणून आधी वहीचंच बोलतो.

वाचणारी लेकरं माझ्याकडं सल्ल्याला बरीच येतात. आईबाप कौतुकानं सांगतात, महिन्याला दहा पुस्तकं फस्त करतो. तुमच्या लेकीनं स्वतः किती वाचलं याचा हिशेब वहीत कुठंच नाही. तिथं पुस्तकापुढं लेकराचं नाव आहे आणि त्यापुढं कारण. एका पोराबद्दल लिहिलंय, 'जाड पुस्तक बघून घाबरतो. फास्टर फेणे द्यायचा, लगेच पळापळ सुरू होते.' 'गोट्या'पुढं लिहिलंय, 'भाषा जुनी आहे. पहिलं प्रकरण मी वाचून दाखवायचं, मगच पुस्तक द्यायचं.' नवीन शाळेत रुळत नसलेल्या एका मैत्रिणीसाठी 'तोत्तोचान' निवडलंय. कारण? 'हिला पण पहिल्या शाळेतून काढलेलं असतं. नवे मुख्याध्यापक तिचं चार तास ऐकून घेतात.' त्याखाली एक ओळ खोडून पुन्हा लिहिलीय: 'शेवटी शाळा जळते, हे आधी सांगायचं का?'

या खोडलेल्या ओळीवर मी बराच वेळ थांबलो. पुस्तक आवडणं वेगळं आणि ते दुसऱ्याच्या हातात देताना त्याचं काय होईल याचा विचार करणं वेगळं. हे दुसरं मोठ्यांनाही सहसा जमत नाही.

(तोत्तोचान ही तशी कादंबरी नाही. तेत्सुको कुरोयानागी यांनी स्वतःच्या शाळेच्या आठवणी लिहिल्यात, त्याचा मराठी अनुवाद चेतना सरदेशमुख गोसावी यांचा. पण लेकीच्या वहीतल्या कादंबऱ्यांच्या यादीतून काढायला लावू नका. राहू द्या.)

नऊ ते तेरा हे वय आपल्याकडं उपाशी राहतं. लेकरू चित्रांच्या पुस्तकातून उठतं ते एकदम 'मृत्युंजय'वर जातं, नाहीतर मोबाइलवर. मधल्या पायरीच्या कादंबऱ्या मराठीत आहेत, त्या हातात देणारं माणूस नाही. माझ्या लहानपणी गावच्या वाचनालयात मुलांचं एक कपाट होतं. पुस्तकं फाटतात म्हणून ते कायम कुलूपबंद. काचेतून नावं वाचून वाचून मला पाठ झाली होती. तुमची लेक त्या कपाटाजवळ असती तर माझी चार वर्षं वाचली असती.

वहीत एक उणीव दिसली. चारही पानांवर आपल्या भागातल्या लेखकांची नावं नाहीत. उदगीर तुमच्याच जिल्ह्यातलं. २०२२ साली तिथं साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष भारत सासणे मुलांसाठीही लिहितात. त्यांच्या 'समशेर आणि भूतबंगला' या कादंबरीला २०२४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. २०२५ चा तोच पुरस्कार नांदेडच्या सुरेश सावंत यांच्या 'आभाळमाया' या कवितासंग्रहाला. दोन्ही मिळवून द्या. आवडली नाहीत तर तसं वहीत लिहू दे.

आता पोटाचं. खोटं सांगत नाही, मुलांची पुस्तकं लिहून मराठीत घर चालवणारी माणसं फार थोडी. ग्रंथपालाची वाट सरळ आहे: कोणतीही पदवी, मग ग्रंथालयशास्त्राचं एक वर्षाचं बी.लिब., पुढं एम.लिब. कॉलेजात ग्रंथपाल व्हायचं तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. संभाजीनगरच्या विद्यापीठात हा विभाग आहे. पण गावोगावची जी अनुदानावरची वाचनालयं आहेत, त्यांतल्या पगारावर संसार होत नाही, हेही ऐकून ठेवा. त्यापलीकडं मुलांच्या पुस्तकांचं संपादन आहे, अनुवाद आहे, आणि शाळांमध्ये वाचन रुजवणाऱ्या संस्था आहेत. टाटा ट्रस्टच्या 'पराग' उपक्रमात तर मुलांचं ग्रंथालय कसं चालवायचं याचाच अभ्यासक्रम आहे. त्यासाठी हिंदी आणि इंग्रजी पक्कं लागेल, ते आत्तापासून करता येतं.

तिच्या बाबांना एवढं सांगा की बी.लिब. कोणत्याही पदवीनंतर होतं. ती लातूरला गेली, विज्ञान घेतलं, तरी हे दार बंद होत नाही. मग आठवीतच भांडण कशाला? अकरावीला कुठं जायचं ते दहावीत बघू. वही मात्र बंद करायची नाही, यावर मी ठाम आहे. समोरच्याला नीट बघायचं, काय झेपेल ते ओळखायचं आणि मग सांगायचं, हेच मी पैसे घेऊन करतो. फक्त पुस्तकांऐवजी कोर्स सांगतो, आणि माझी वही इतकी नेटकी नाही.

वहीत तिला एक रकाना वाढवायला सांगा: पुस्तक परत आलं तेव्हा लेकरू काय म्हणालं. कुठं सोडून दिलं, कोणत्या पानावर. चुकलेल्या निवडी तर नक्की लिहायच्या. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. उन्हाळ्याची सुट्टी त्यातच जाईल.

आणि वहीत बाबांच्या नावाची एक ओळ करू द्या. ते कशाला हसतात, कशाला कंटाळतात, लहानपणी काय वाचायचे, हे तिनं त्यांनाच विचारावं आणि एक पुस्तक निवडून द्यावं. त्यांनी ते वाचून परत केलं की शेवटचा रकाना भरायचा आणि त्या पानाचा फोटो मला पाठवायचा.