घराच्या खुणा

प्रश्न : मी औसा तालुक्यातील एका पुनर्वसित गावात राहते व बी.ए.ला संस्कृत शिकते. ‘मेघदूत’ हे विरहशृंगाराचे काव्य आहे, असे आम्हांला शिकवतात. मला मात्र ते वाचताना आजी आठवते. १९९३ च्या भूकंपात पडलेल्या वाड्याची वाट ती आजही ‘वेशीतून आत आलं की उजव्या हाताला’ अशी सांगते. हे काव्य हद्दपारीचे आणि हरवलेल्या घराचे म्हणून अभ्यासता येईल काय? सुरुवात कोठून करावी?
– एक विद्यार्थिनी, लातूर जिल्हा

उत्तर : अवश्य येईल, आणि त्यासाठी शिकवलेला अर्थ खोडण्याची गरज नाही. कर्तव्यात चुकल्यामुळे कुबेराने वर्षभरासाठी अलका या आपल्या नगरीबाहेर काढलेला यक्ष रामगिरीवर (वा. वि. मिराशींच्या मते नागपूरजवळच्या रामटेकवर) दिवस कंठतो, तेव्हा पत्नीचा विरह आणि गावाचा विरह त्याच्या मनात वेगळे उरलेलेच नाहीत. पूर्वमेघातील, म्हणजे काव्याच्या पहिल्या भागातील, मेघाचा प्रवास तूर्त बाजूला ठेवावा आणि उत्तरमेघात, म्हणजे दुसऱ्या भागात, पत्नीला निरोप पोचवण्यासाठी यक्ष मेघाला आपल्या घराचा पत्ता सांगतो, तेथून आरंभ करावा.

तो पत्ता आपल्या आजींच्याच पद्धतीचा आहे. कुबेराच्या वाड्याच्या उत्तरेला, इंद्रधनुष्यासारख्या तोरणामुळे दुरूनच दिसणारे ‘आमचे’ घर. पत्नीने मानलेल्या मुलासारखा वाढवलेला मंदाराचा लहानसा वृक्ष. पाचूच्या पायऱ्यांची वापी, म्हणजे आपल्याकडची बारवच. दाराशी रेखाटलेले शंख आणि पद्म. मंदारासाठी कालिदासाने ‘हस्तप्राप्य’ हा शब्द योजला आहे : घोसांनी वाकलेल्या त्या झाडाची फुले सहज हाताला लागतात. आठ महिने लोटले तरी यक्षाच्या मनात ते झाड तेवढेच आहे, कारण आठवणीतले झाड वाढत नाही. आजींच्या मनातले माळवदही असेच शाबूत असणार.

घराच्या खुणा सांगताना यक्षाला कसलीच शंका नाही. त्या संपताच मात्र ‘नूनम्’ हा अनुमानाचा शब्द येतो : माझ्यावाचून ते घर आता निस्तेज झाले असेलच. पुढे पत्नीविषयी बोलताना तर ‘वा’, म्हणजे ‘किंवा’, हा शब्द पुनःपुन्हा येतो. ती पूजेत गुंतली असेल, किंवा माझे चित्र काढत असेल, किंवा पिंजऱ्यातल्या सारिकेला ‘तुला धनी आठवतात का’ असे विचारत असेल, किंवा उंबऱ्यावरची फुले जमिनीवर मांडून उरलेले महिने मोजत असेल. मागे राहिलेले सारे ठळक आणि आज तेथे जे आहे ते केवळ तर्काचे, ही हद्दपार माणसाची नेमकी अवस्था आहे. माझ्या मते आपल्या निबंधाचा कणा येथे आहे.

एक भान मात्र ठेवावे. यक्षाच्या शापाला मुदत आहे. विष्णू शेषशय्येवरून उठले की तो सुटणार, त्याला चारच महिने उरले आहेत, आणि अलका जागच्या जागी उभी आहे. किल्लारी-सास्तूर भागातील जुन्या गावांचे तसे नाही. म्हणून दोन्ही दुःखे एकच आहेत असे लिहू नये. आजींची वाट त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यावी, यक्षाच्या श्लोकांशेजारी ठेवावी, आणि त्यांच्या तोंडी ‘होतं’ कोठे येते व ‘हाय’ कोठे येते, ते बारकाईने पाहावे.