तीन चाकांचे शॉक आणि महिन्याचे नऊशे डॉलर

डॅलसजवळच्या प्लेनोहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ४७, पगार वर्षाला १,३०,००० डॉलर, पत्नीचा ६०,०००. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांनी मोटरसायकल विकून २०१६ ची जुनी कॅन-अॅम स्पायडर आरटी घेतली, म्हणजे पुढे दोन चाकं आणि मागे एक. ब्रेक दाबला की गाडी पुढे बसते, वळणावर बाहेरच्या बाजूला कलते, आणि हायवेवर हँडल सरळ धरलं तरी भरकटते. मागे बसलेल्या पत्नीला भीती वाटते. दुकानदाराने पुढच्या शॉकची (शॉक अॅब्सॉर्बरची) जोडी १,४५०, जाड अँटी-रोल बार ३००, लेझर अलाइनमेंट २०० आणि मजुरी ३५०, असा २,३०० डॉलरचा अंदाज दिला आहे. ऑक्टोबरात दोघांना टेक्ससच्या हिल कंट्री या डोंगराळ भागातल्या ३३५, ३३६, ३३७ या वळणांच्या रस्त्यांवर जायचं आहे. प्रश्न एवढाच, की हे पैसे १२ महिने शून्य टक्क्याच्या कार्डावर टाकावेत की आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून भरावेत?

आधी गाडीचं बघू. पत्रातल्या तिन्ही तक्रारींचं कारण एक नाही. स्पायडर मोटरसायकलसारखी आत झुकत नाही, त्यामुळे वळणावर तिचं अंग बाहेर जातं. ते आवरायला आहे तो ३०० डॉलरचा बार. भरकटण्याचं कारण बहुतेक वेळा पुढच्या चाकांचं अलाइनमेंट किंवा टायरमधली हवा असते. तुमच्या गॅरेजवाल्याने कार समजून ३२ पीएसआय भरलेत का, ते आजच बघा. या गाडीच्या पुढच्या टायरला कंपनी त्याच्या जवळपास निम्माच दाब सांगते. शॉकचं खरं काम उरतं ते ब्रेकवर बसण्याचं आणि खड्ड्यांचं. म्हणून हवा, बार आणि अलाइनमेंट आधी करा. दोनेकशे मैल पत्नीला घेऊन चालवा आणि मगच शॉकचं ठरवा. शॉक बदलले तर अलाइनमेंट पुन्हा तपासावं लागेल. ते २०० डॉलर दुसऱ्यांदा गेले तरी चालतील.

‘विकताना शॉकचे पैसे वसूल होतील’ असंही तुम्ही लिहिलंय. होणार नाहीत. जुनी गाडी घेणारा मैल आणि साल बघतो. मागे बसणारं माणूस घाबरत नाही, एवढ्यासाठी हा खर्च करायचा असेल तर खुशाल करा.

आता पत्रातलं ते वाक्य, जे तुम्ही जाता जाता लिहिलं आहे: ‘४०१-के सध्या थांबवलंय, कारण पॉलिसीत आठ टक्के टॅक्स-फ्री मिळतात आणि तोटा कधीच होत नाही.’ ४०१-के म्हणजे पगारातून कापली जाणारी निवृत्तीची बचत, जिच्यात कंपनीही भर घालते. ते वाक्य वाचून मी तुमच्याकडून पॉलिसीचं वार्षिक स्टेटमेंट मागवून घेतलं.

ही इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ पॉलिसी आहे, म्हणजे जमा रकमेवरचं व्याज शेअर बाजाराच्या निर्देशांकावर ठरतं असा आयुर्विमा. मंडळातल्या ओळखीच्या एकांनी दिली, घरी चहाला आले, मुलांच्या कॉलेजची चौकशी केली, आणि नाही म्हणवेना. भीड ही भिकेची बहीण, आणि आपल्या लोकांत ही पॉलिसी याच भिडेवर खपते. अशी स्टेटमेंटं मी दर महिन्याला बघतो आणि दर वेळी जीव हळहळतो.

तिसरं पान उघडा. वर्षाचा प्रीमियम १०,८००, म्हणजे महिना नऊशे. त्यातून प्रीमियम चार्ज ६५०, पॉलिसीचा खर्च १,९०० आणि विम्याचा खर्च ६००, म्हणजे सुमारे ३,१५० डॉलर कापले गेले. तीन वर्षांत तुम्ही ३२,४०० भरले. खात्यात २५,००० दिसतात, पण आज पॉलिसी सोडली तर सरेंडर चार्ज, म्हणजे लवकर सोडल्याचा दंड, ११,००० जाऊन हाती १४,००० येतील. ‘तोटा कधीच होत नाही’ म्हणतात ती पॉलिसी ही.

बाजार पडला तरी व्याज शून्याखाली जात नाही, पण हा शून्य टक्क्याचा तळ आहे तो व्याजापुरता. बाजार पडला त्या वर्षीही कपात चालूच राहते. आणि वरचं झाकण ९ टक्क्यांचं, म्हणजे बाजार कितीही चढला तरी व्याज त्याहून जास्त नाही. एस अँड पी ५०० हा अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक २०२३ मध्ये २४ टक्के वाढला, २०२४ मध्ये २३ टक्के. शिवाय कंपन्यांचा डिव्हिडंड पॉलिसीच्या हिशेबात धरतच नाहीत. विम्याचा खर्च आज ६०० आहे, पण तो वयाबरोबर चढतो, आणि सत्तरीनंतर हीच ओळ जमा रक्कम खायला लागते. एजंटने दाखवलेले आठ टक्के म्हणजे एक अंदाजपत्रक होतं. त्यावर कोणाचीही हमी नाही.

पण खरी चूक पॉलिसी घेण्याहून मोठी आहे. पगाराच्या पहिल्या ५ टक्क्यांवर तुमची कंपनी डॉलरला डॉलर घालते. म्हणजे वर्षाला ६,५००. तीन वर्षांचे १९,५०० डॉलर तुम्ही कंपनीकडेच ठेवले. ६ टक्क्यांनी वीस वर्षांत त्याचे बासष्ट-त्रेसष्ट हजार झाले असते. मी आठ टक्के धरत नाही, सहाच धरतो.

पुढचा हिशेब सोपा आहे. पगारातून महिना ५४२ डॉलर ४०१-के मध्ये घाला, कंपनी तितकेच घालेल. तुम्ही केंद्राच्या आयकराच्या २२ टक्क्यांच्या टप्प्यात आहात, टेक्ससमध्ये राज्याचा आयकर नाही, म्हणून हातातल्या पगारातून सुमारे ४२३ कमी होतील. पाच लाखांचा २० वर्षांचा टर्म विमा, तब्येत ठीक असेल तर, महिना ९० च्या आसपास धरा. अर्जात मोटरसायकलबद्दल विचारलं तर खरं लिहा. नऊशेतून हे दोन्ही वजा जाता ३८७ उरतात. सहा-सात महिन्यांत तुमचे शॉक, बार, सगळं रोखीने होतं. आणि महिना १,०८४ डॉलर वीस वर्षं ६ टक्क्यांनी वाढले तर पाच लाखांच्या आसपास जातात.

‘पॉलिसी ठेवून थांबलात तर सरेंडर चार्ज उतरेल,’ असं तुम्हाला सांगितलं जाईल. तो आणखी दहा वर्षांत शून्य होतो, म्हणजे वर्षाला अकराशे उतरतो. कपात वर्षाला एकतीसशेची आहे. गेलेले १८,४०० परत येणार नाहीत, ते मनाला लावून घेऊन आणखी घालू नका.

मात्र घाईने पॉलिसी मोडू नका. टर्म विमा मंजूर होऊन हातात पडेपर्यंत ती चालू राहू दे. प्रीमियम थांबवला तरी ती लगेच बंद पडत नाही, जमा रकमेतून कपात होत राहते. कंपनीकडून ४ टक्के धरून नवं इलस्ट्रेशन (पुढच्या वर्षांचं अंदाजपत्रक) आणि सरेंडर चार्जचा तक्ता मागवा. मग १४,००० रोख घेण्याऐवजी १०३५ एक्स्चेंजने, म्हणजे रक्कम हातात न घेता थेट वळवण्याच्या सोयीने, कमी खर्चाच्या अॅन्युइटीत (विमा कंपनीकडच्या निवृत्तीच्या बचत योजनेत) नेता येतात. तुम्ही भरलेले ३२,४०० हीच तिथे मूळ रक्कम धरली जाते, आणि तिथपर्यंतच्या वाढीवर कर लागत नाही. हे काम तासाच्या फीवर सल्ला देणाऱ्याकडून करून घ्या. ज्यांनी पॉलिसी विकली त्यांच्याकडून नको.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर: पॉलिसीवर कर्ज नको. ‘आपलेच पैसे आहेत’ असं म्हणतात, पण व्याज कंपनी लावते आणि न भरल्यास ते कर्जातच मिळवते. बार आणि अलाइनमेंटचे ५०० बचतीतून द्या. शॉकला कार्ड लागलंच तर महिना १५० आपोआप भरण्याची सोय करूनच घ्या.

पुढचा प्रीमियम पाच तारखेला खात्यातून जातो, असं स्टेटमेंटवर आहे. त्याआधी एचआरला ४०१-के चा अर्ज जाऊ दे, एक-दोन पगारांत तो लागू होईल.