अमेरिकेचा पश्चिमेकडचा विस्तार ‘मॅनिफेस्ट डेस्टिनी’मुळेच झाला का?

प्रश्न १९व्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन लोक पश्चिमेकडे का सरकले याचा आहे, म्हणून आधी एक तारीख लक्षात घ्या. ‘मॅनिफेस्ट डेस्टिनी’, म्हणजे सगळा खंड देवानेच आपल्या नावे केलाय, हा शब्दप्रयोग १८४५ चा. तोवर ओहायो राज्य होऊन चाळीस वर्षं उलटली होती, अलाबामाला पंचवीस. त्यामुळे मी जमीन आणि कापूस ही कारणं आधी धरतो.

व्हर्जिनियात तंबाखूने जमिनीचा कस गेला होता. न्यू इंग्लंडमध्ये वाटण्या होऊन शेतं तुटपुंजी झाली होती; त्यात १८१६ च्या जूनमध्ये बर्फ पडला, पिकं गेली आणि व्हरमाँटमधली कितीतरी कुटुंबं ओहायोकडे निघाली. सरकारी जमीन १८०० च्या कायद्याने एकरी २ डॉलरला मिळे, पण किमान ३२० एकर घ्यावी लागे. १८२० मध्ये हा दर सव्वा डॉलर झाला आणि किमान मर्यादा ८० एकरांवर आली. म्हणजे रोख १०० डॉलर जमवले की माणूस जमीनमालक! १८०३ ची लुइझियाना खरेदी, म्हणजे मिसिसिपीपलीकडचा फ्रान्सचा मुलूख अमेरिकेने विकत घेणं, हीसुद्धा न्यू ऑर्लिन्सच्या बंदरासाठी सुरू झाली, कारण पश्चिमेच्या शेतकऱ्यांचा माल मिसिसिपी नदीतूनच बाहेर जाई. हैतीतल्या गुलामांच्या बंडात हात पोळलेल्या नेपोलियनने दीड कोटी डॉलरला सगळा मुलूखच विकून टाकला.

दक्षिणेत मात्र कापसाने वेड लावलं. १७९३ मध्ये सरकी काढायचं यंत्र आलं, आखूड धाग्याचा कापूस परवडू लागला आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तो कितीही हवा होता. १८१४ मध्ये जनरल अँड्र्यू जॅक्सनने क्रीक या मूळ रहिवाशांकडून सुमारे २.३ कोटी एकर जमीन लिहून घेतली. त्याच्या बाजूने लढलेल्या क्रीकांच्या जमिनीही त्यातून सुटल्या नाहीत. अशा जमिनींवरच्या कापसाच्या मळ्यांत राबायला व्हर्जिनिया-मेरीलँडमधून गुलाम साखळ्या घालून चालवत नेले, मुलांना आईपासून तोडून. पश्चिमेकडे गेलेल्यांचे ‘हेतू’ मोजताना या माणसांना कुणी काही विचारलं नव्हतं, हे मला विसरता येत नाही.

जेफरसनने १८०३ मध्ये इंडियाना प्रांताच्या गव्हर्नरला पाठवलेलं पत्र जरूर वाचा. मूळ रहिवाशांमधल्या वजनदार लोकांना सरकारी दुकानांच्या कर्जात अडकू द्यावं, कर्ज फेडेनासं झालं की ते जमीन द्यायला राजी होतील, असं तो सरळ लिहितो. ही सावकारीच, आणि ती राष्ट्राध्यक्षाच्या लेखणीतून.

‘ते शेती करत नाहीत, मग जमीन पडीक का ठेवायची’ हा युक्तिवाद तेव्हा सर्रास होई. चेरोकी या मूळ रहिवाशांकडे तर शेतं होती, स्वतःची लिपी होती, १८२७ ची राज्यघटना होती, १८२८ पासून वर्तमानपत्रही होतं. १८२९ मध्ये त्यांच्या मुलखाजवळ सोनं सापडलं, पुढच्याच वर्षी मूळ रहिवाशांच्या हकालपट्टीचा कायदा आला आणि १८३२ मध्ये जॉर्जिया राज्याने चेरोकींची जमीन गोऱ्यांमध्ये सोडत काढून वाटली. चेरोकी तेव्हा त्याच घरांत राहत होते.