गंगापूर धरणाच्या जलाशयावरील संध्याकाळचे रंग छायाचित्रात कसे उतरवावेत?

नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या काठावरून डोळ्यांना दिसणारे गुलाबी-केशरी आकाश फोटोत पांढुरके येते आणि डोंगर काळेठिक्कर पडतात, तेव्हा नवा कॅमेरा घ्यावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते त्याची गरज नाही. थांबण्याची वेळ बदलावी आणि कॅमेरा परस्पर घेत असलेले दोन निर्णय आपल्या हाती घ्यावेत.

सूर्य डोंगराआड गेला की बहुतेक मंडळी गाड्या काढून शहराकडे निघतात, आणि खरे रंग त्यानंतरच भरू लागतात. क्षितिजाजवळच्या सूर्याचा प्रकाश हवेच्या बऱ्याच मोठ्या थरातून येतो, त्यातला निळा भाग वाटेतच विखुरतो आणि उरलेला तांबूस प्रकाश ढगांवर खालच्या बाजूने पडतो. थेट ऊन नसल्याने काठावरचे गवत आणि दगडही मऊ, सावलीविरहित उजेडात दिसतात. आपल्याकडे हा संधिप्रकाश २२ ते २५ मिनिटेच टिकतो, म्हणून चौकट आधीच ठरवून ट्रायपॉड लावून ठेवावा. हिवाळ्यात सूर्य नैऋत्येला, अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या बाजूला झुकून मावळतो, तर जूनमध्ये वायव्येला. त्यामुळे एकच जागा वर्षभर चालत नाही. हवा स्वच्छ असेल तर एकदा पूर्वेकडेही वळून पाहावे. तिथे क्षितिजालगत पृथ्वीच्या सावलीचा निळसर-करडा पट्टा आणि त्यावर गुलाबी पट्टा उभा राहतो. मला स्वतःला पश्चिमेच्या भडक केशरीपेक्षा पाण्यावरची ही फिकट छटा अधिक आवडते.

आता ते दोन निर्णय. पहिला एक्स्पोजरचा, म्हणजे चित्रात किती उजेड घ्यायचा याचा: काळोखे डोंगर उजळवण्याच्या प्रयत्नात कॅमेरा आकाश जाळून टाकतो, आणि एकदा पांढरा झालेला भाग नंतर कशानेही परत मिळत नाही. मोबाइलवर आकाशाच्या उजळ भागावर बोट दाबून धरावे, एक्स्पोजर लॉक करावे आणि उजेड थोडा खाली ओढावा. कॅमेऱ्यावर एक्स्पोजर उणे १ करून रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, टिपावे. सावल्यांमधला तपशील नंतर पुष्कळ वर काढता येतो. दुसरा निर्णय व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे चित्रातल्या रंगांच्या तोलाचा. ‘ऑटो’वर ठेवल्यास कॅमेरा त्या तांबूसपणालाच दोष समजून तो पुसू पाहतो, म्हणून ‘डेलाइट’, म्हणजे साधारण ५५०० केल्व्हिन, निवडावे.

बाकी आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, भिंगाचे छिद्र एफ/८ ते एफ/११ आणि दोन सेकंदांचा टायमर पुरे. पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, मात्र काढून ठेवावा, कारण तो चुकीच्या कोनात फिरला तर आपल्याला हवे असलेले प्रतिबिंबच नाहीसे करतो.

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ सर्वांत उत्तम, कारण पावसाने हवा धुतलेली असते, ढग विखुरलेले असतात आणि जलाशय भरलेला असतो. आरशासारखे पाणी हवे असेल तर पहाट गाठावी. रात्री जमीन निवल्यामुळे त्या वेळी वारा बहुधा पडलेला असतो. थंडीत पहाटेसाठी निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वर, आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलेले महाराष्ट्रातील पहिले पाणथळ क्षेत्र, अवश्य निवडावे: उथळ पाण्यावर धुके साचते आणि पक्ष्यांमुळे चौकटीला आपोआप केंद्र मिळते. तिथे पक्षी उठतील इतके जवळ जाऊ नये, आणि गंगापूरला धरणाच्या भिंतीकडे न जाता मोकळ्या काठावरूनच छायाचित्रण करावे.